गृहत्याग, ताडपत्रे आणि एक मुखपृष्ठ : धर्मानंद कोसंबी यांच्या भाषाध्ययनाची कथा

१.
हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेत १९५० साली एक्केचाळिसावा खंड प्रसिद्ध झाला. ग्रंथ पाली भाषेतील, ‘विसुद्धिमग्ग’. मुखपृष्ठावर दोन नावे होती. संपादक म्हणून हेन्री क्लार्क वॉरन आणि पाठशुद्धी करणारे म्हणून धर्मानंद कोसंबी. वॉरन १८९९ साली निवर्तले होते आणि कोसंबी १९४७ साली. दोघांपैकी एकालाही तो ग्रंथ छापील स्वरूपात हाती घेता आला नाही.

२.
या दोन नावांपैकी दुसरे नाव ज्यांचे, त्यांनी कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. गोव्यातील एका खेड्यात जेमतेम मराठी शाळा शिकलेला हा माणूस चार वेळा हार्वर्डला गेला, कलकत्त्यात आणि पुण्यात पाली शिकवू लागला आणि महाराष्ट्रातील आधुनिक पाली अध्ययनाचा आरंभकर्ता ठरला. पदव्युत्तर अध्ययन म्हणजे काय, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी हा धागा.

३.
धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. घरची नारळीची बाग, शेती आणि एकत्र कुटुंब, असे ते जग. घरात कोकणी आणि वाचायला मराठी. प्रकृती नाजूक, शाळा अर्धवट सुटलेली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी विवाह झाला. त्या काळच्या असंख्य मुलांप्रमाणे त्यांचेही आयुष्य बागेची शिंपणी, नारळांचे हिशेब आणि घरगुती कटकटी यांतच सरायचे होते.

४.
वाचनाने हा क्रम मोडला. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. आज विद्यार्थ्यासमोर बुद्धाविषयी शेकडो पुस्तके असतात. १८९७ च्या सुमारास गोव्याच्या खेड्यात मात्र त्या लहानशा लेखापलीकडे हाती लागण्यासारखे फारसे काही नव्हते. बुद्ध याच भूमीत जन्मला, येथेच हिंडला आणि त्याचे शब्द मात्र येथे कोणालाच ठाऊक नाहीत, ही गोष्ट त्या तरुणाच्या मनात खोल रुतली. ते शब्द मूळ भाषेत वाचायचे, असा ध्यास त्याने घेतला.

५.
वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक. सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी याची तुलना करण्याचा मोह सहज होतो आणि अनेकांनी ती केलीही आहे. परंतु त्या कथेत यशोधरेच्या घरी राजवाडा होता. बाळाबाईंच्या घरी कर्ज, भाऊबंदकी आणि लोकांच्या जिभा होत्या. या कथेतील हे दुसरे पारडे नजरेआड करून पुढे जाता येणार नाही.

६.
धर्मानंद प्रथम पुण्यास आले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. भांडारकर म्हणजे तेव्हाच्या प्राच्यविद्येतील सर्वमान्य नाव. त्यांनी या अनोळखी तरुणास हाकलून दिले नाही. प्रार्थना समाजात राहण्याची सोय झाली. परंतु बौद्ध वाङ्मयाच्या वाटेवर पाऊल टाकायचे तर आधी संस्कृत पक्के हवे आणि संस्कृत विनामूल्य शिकायचे तर काशीच गाठली पाहिजे. धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीस पोचले.

७.
काशीत अन्नछत्रात जेवायचे, पडेल तेथे निजायचे आणि पंडितांच्या घरी ‘कौमुदी’ घोकायची, असा क्रम सुरू झाला. याच सुमारास, १९०१ साली, कलकत्त्यात सतीशचंद्र विद्याभूषण पाली विषयात एम.ए. झाले. एकाच भाषेकडे जाणाऱ्या या दोन वाटा होत्या. एक विद्यापीठाच्या परीक्षा-मंडपातून गेलेली, दुसरी अन्नछत्राच्या पंगतीतून. दुसऱ्या वाटेवर अभ्यासक्रम नव्हता, मार्गदर्शक ठरलेला नव्हता आणि शेवटी काय हाती लागेल याची कोणतीही हमी नव्हती.

८.
काशीतून ते नेपाळला गेले, कारण तेथे बौद्ध धर्म जिवंत असल्याचे ऐकले होते. जे दिसले त्याने त्यांची घोर निराशा झाली. ज्या मूळ वचनांच्या शोधात ते निघाले होते त्यांचे अध्ययन त्यांना तेथे सापडले नाही. तेथून बोधगयेस आल्यावर त्यांना दिशा मिळाली : पाली त्रिपिटक शिकायचे असेल तर सिंहलद्वीपास जा. म्हणजे काशीपासून पुन्हा भारताचे दक्षिण टोक ओलांडून समुद्रापलीकडे. पदरी पैसा नव्हताच.

९.
१९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात पोचले. हे विद्यालय हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविरांनी स्थापन केले होते आणि पाली अध्ययनाचे ते आशियातील एक प्रमुख केंद्र होते. युरोपातील पंडितही सुमंगलांना पत्रे लिहून शंका विचारीत. गोव्याचा हा तरुण त्यांच्याकडून श्रामणेर-दीक्षा घेऊन त्यांच्या पायाशी बसला. आजच्या परिभाषेत याला संशोधन मार्गदर्शक मिळणे म्हणतात.

१०.
येथे भाषेच्या अभ्यासकाला मोठी मौज वाटावी अशी एक अडचण आहे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लिपीत, सयाममध्ये तेथल्या लिपीत. लंडनमध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली स्थापलेली पाली टेक्स्ट सोसायटी ती रोमन लिपीत छापत होती. ज्या देशात ही भाषा जन्मली, त्या देशाच्या देवनागरीत मात्र ती जवळजवळ छापलीच जात नव्हती. बुद्धवचन वाचण्यासाठी भारतीय विद्यार्थ्याला आधी परक्या लिपीची अक्षरे गिरवावी लागत.

११.
आणि तरीही ती भाषा कानाला परकी नव्हती. पालीत हाताला ‘हत्थ’ म्हणतात, कानाला ‘कण्ण’, सातला ‘सत्त’, आठला ‘अट्ठ’. संस्कृतातील ‘हस्त’, ‘कर्ण’, ‘सप्त’, ‘अष्ट’ आणि आपल्या तोंडचे ‘हात’, ‘कान’, ‘सात’, ‘आठ’ यांच्या मधल्या पायरीवर ही रूपे उभी आहेत. जोडाक्षर आधी सारखे झाले, मग एक व्यंजन गळाले आणि मागचा स्वर दीर्घ झाला. कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसाला ताडपत्रावरील त्या अनोळखी वळणांतून स्वतःच्याच घरातले शब्द ओळखू येणे, ही कल्पना करून पाहावी.

१२.
सिंहलद्वीपातून ते ब्रह्मदेशात गेले. तेथे भिक्षूची उपसंपदा घेतली. परंपरागत आचार्यांकडून ग्रंथ शिकले, विहारात राहिले आणि ध्यानाभ्यास केला. पाश्चात्त्य विद्यापीठात ग्रंथ हा ‘पाठ’ असतो. त्याची रूपे तपासायची आणि काळ ठरवायचा. विहारात तोच ग्रंथ आचरणाची पुस्तिका असतो. तो कंठस्थ करायचा आणि त्याप्रमाणे बसायचे. धर्मानंदांनी दुसऱ्या पद्धतीने आरंभ केला आणि पुढे पहिली आत्मसात केली. एकाच अभ्यासकात या दोन्ही पद्धती एकत्र येणे त्या काळी दुर्मीळ होते.

१३.
१९०६ साली कलकत्त्यात त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. अनेक भाषांचे पंडित हरिनाथ डे यांच्याशी स्नेह जुळला. स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम मिळाले. चीवर उतरवून त्यांनी गृहस्थाचा वेश घेतला आणि सुमारे सात वर्षांनी गोव्याला जाऊन पत्नीची भेट घेतली. घर सोडताना तान्ही असलेली माणिक एव्हाना सात वर्षांची झाली होती. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, मुलगा दामोदर जन्मला.

१४.
कलकत्त्यात मान होता, वेतन होते. पण जे शिकलो ते महाराष्ट्रात नेले पाहिजे, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. तेव्हा बडोद्याचे सयाजीराव गायकवाड पुढे आले. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहा, महिना ५० रुपये मिळतील, अट एवढीच की वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कलकत्त्यातील कितीतरी अधिक प्राप्ती सोडून धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. आजच्या भाषेत ही संशोधनवृत्ती झाली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या १९१० च्या छोट्या पुस्तकापासून त्यांचे मराठी लेखन उभे राहू लागले.

१५.
याच काळात हार्वर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स हॉटन वूड्स योगदर्शनाच्या अभ्यासासाठी हिंदुस्थानात आले होते. त्यांची आणि धर्मानंदांची ओळख झाली. हार्वर्डला एक काम अडून राहिले होते आणि ते पुढे नेऊ शकेल असा माणूस वूड्स यांना येथे सापडला. १९१० साली धर्मानंद अमेरिकेस निघाले. इंग्रजी त्यांनी असेच, फावल्या वेळात, मोठेपणी शिकून घेतले होते.

१६.
ते अडलेले काम म्हणजे ‘विसुद्धिमग्ग’. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अनुराधपूरच्या महाविहारात हा ग्रंथ रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन भागांत आणि २३ परिच्छेदांत सगळ्या थेरवादी साधनेचा तो कोश आहे. ध्यानाचे ४० विषय, त्यांतील प्रत्येकाची पद्धत, साधकाच्या स्वभावानुसार कोणता विषय द्यावा याचा विचार आणि चित्ताच्या व्यापारांचे सूक्ष्म विश्लेषण हे सर्व त्यात आहे.

१७.
बुद्धघोषांविषयी एक आख्यायिका सिंहली परंपरेत सांगतात. महाविहारातील स्थविरांनी परीक्षेसाठी त्यांना गाथा दिल्या. त्यांवर त्यांनी हा ग्रंथ रचला. देवतांनी तो लपवला, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा लिहिला. पुन्हा लपवला, तेव्हा तिसऱ्यांदा. मग देवतांनी आधीच्या दोन्ही प्रती परत दिल्या आणि तिन्ही ताडून पाहिल्या तर एका अक्षराचाही फरक निघाला नाही.

१८.
प्रत्यक्ष हस्तलिखितांची गोष्ट अगदी उलटी असते. पंधरा शतके लेखक नकलांवरून नकला करीत आले. सिंहली लिपीत ‘च’ आणि ‘व’ ही अक्षरे दिसायला इतकी जवळची आहेत की डोळा चुकला की शब्द बदलतो. ब्रह्मदेशातल्या प्रतींच्या परंपरा निराळ्या. एखादा लेखक शहाणा असेल तर तो कठीण शब्दाच्या जागी सोपा घालतो आणि अडचण आणखी वाढते. संपादकाने सर्व प्रती शेजारी मांडायच्या, प्रत्येक भेद नोंदवायचा आणि मूळ वाचन कोणते याचा निर्णय कारणासह द्यायचा. बुद्धघोषांनी त्रिपिटकातून घेतलेली प्रत्येक अवतरणे मुळात कोठे आहेत, हेही शोधायचे.

१९.
हे काम हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केले होते. बालपणीच्या अपघाताने त्यांचा कणा कायमचा दुखावला होता. शरीराच्या त्या यातना सोसत त्यांनी पालीचा अभ्यास केला. १८९६ चे त्यांचे पाली वेच्यांच्या भाषांतरांचे पुस्तक आजही वाचले जाते. हार्वर्डची प्राच्यविद्या ग्रंथमाला उभी राहण्यात त्यांच्या धनाचा आणि विद्वत्तेचा मोठा वाटा होता. ते ४४ व्या वर्षी गेले आणि ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन अपुरे राहिले. त्यांचे गुरू आणि मित्र, ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांना ते पूर्ण करून घ्यायचे होते.

२०.
ज्या माणसाने हा ग्रंथ ब्रह्मदेशाच्या विहारात साधनेची पुस्तिका म्हणून अनुभवला होता, तो आता केंब्रिज येथे वॉरन यांच्या टिपणांसमोर बसला. काम पुढे सरकले आणि मतभेद उभे राहिले. कळीचा प्रश्न श्रेयाचा होता : पूर्ण झालेल्या ग्रंथावर कोणाचे नाव कसे छापायचे? लॅनमन यांच्या दृष्टीने हे दिवंगत मित्राचे स्मारक होते. धर्मानंदांच्या दृष्टीने शब्दाशब्दाची पारख ज्याने केली, त्याचे नाव कोपऱ्यात सारणे हा अन्याय होता. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी हा कटू प्रसंग लपवलेला नाही. १९१२ साली काम तसेच ठेवून ते परतले.

२१.
वाचकाने येथे घाईने कोणाला खलनायक ठरवू नये. मृत मित्राचे अपुरे काम त्याच्याच नावाने जगासमोर यावे, ही इच्छा समजण्याजोगी आहे. परंतु त्या काळच्या प्राच्यविद्येत एक अलिखित रचनाही होती. पूर्वेकडचा पंडित अर्थ सांगणार, शंका फेडणार, प्रती वाचून दाखवणार आणि पश्चिमेकडचा प्राध्यापक ग्रंथावर नाव घालणार. कितीतरी शास्त्री आणि मुनशी असे प्रस्तावनेतील एका आभाराच्या ओळीत मावले आहेत, तर कितींना तीही ओळ मिळाली नाही. धर्मानंदांनी ती ओळ नाकारली. पदवी नसलेल्या माणसाने हे धाडस करणे सोपे नव्हते.

२२.
महाराष्ट्रात भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीचा प्रवेश झाला होता. १९१२ पासून सहा वर्षे धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली. येथेच त्यांना शिष्य मिळाले. त्यांतील पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले. ‘विसुद्धिमग्गा’शी नाते सांगणारा ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात केवळ चिनी भाषांतरात टिकला आहे. बापटांनी त्यासाठी चिनीचा अभ्यास केला आणि दोन्ही ग्रंथांची तुलना १९३७ साली प्रसिद्ध केली. गुरूने समुद्र ओलांडून पाली आणली आणि शिष्य त्याच धाग्याने चीनपर्यंत पोचला.

२३.
१९१८ साली हार्वर्डचे पुन्हा बोलावणे आले. या वेळी धर्मानंद एकटे गेले नाहीत. माणिक आणि दामोदर यांना त्यांनी बरोबर घेतले. ज्या मुलीला तान्ही टाकून ते निघाले होते, तीच आता त्यांच्याबरोबर बोटीवर होती. माणिकने रॅडक्लिफ महाविद्यालयात शिक्षण घेऊन पदवी मिळवली. दामोदर पुढे, १९२९ साली, हार्वर्डचा पदवीधर झाला. वडिलांना जे औपचारिक शिक्षण कधी मिळाले नाही, त्याच शहरात ते मुलांना मिळाले.

२४.
बाळाबाई मात्र मागेच राहिल्या. ‘निवेदन’ हे धर्मानंदांचे पुस्तक आहे आणि त्यात बाळाबाई त्यांच्या नजरेतून दिसतात. सात वर्षे पतीचा ठावठिकाणा नीट माहीत नसताना त्या कशा राहिल्या, लोक काय बोलत, मुलीने ‘बाबा कोठे आहेत’ असे विचारले तेव्हा काय उत्तर दिले, हे प्रश्न त्या पुस्तकाच्या पानांबाहेर उरतात. एका माणसाच्या अध्ययनाला लागलेला वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यातून वजा झालेला असतो. विद्वानांची चरित्रे वाचताना ही वजाबाकी क्वचितच मांडली जाते.

२५.
धर्मानंदांची भाषांची भूक पन्नाशी उलटल्यावरही शमली नाही. मध्यंतरी त्यांनी गांधीजींच्या प्रेरणेने निघालेल्या गुजरात विद्यापीठात काम केले. समाजवादाच्या ओढीने ते रशियनकडे वळले आणि १९२९ साली लेनिनग्राडच्या बौद्ध विद्येच्या संशोधनसंस्थेत गेले. परतल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगवास भोगला. त्यानंतर चौथी आणि शेवटची अमेरिका यात्रा. कोकणी, मराठी, संस्कृत, पाली, सिंहली, बंगाली, इंग्रजी, रशियन. यांतील प्रत्येक भाषा त्यांनी एखाद्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शिकली, संग्रहासाठी नव्हे.

२६.
‘विसुद्धिमग्गा’चे हार्वर्डमधील काम अखेर त्यांच्या हातून पुरे झाले. तरीही ग्रंथ छापून निघेना. वर्षे उलटत होती. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ प्रसिद्ध केला आणि तोही देवनागरीत. सिंहली, ब्रह्मी, रोमन असा प्रवास करून आलेला ग्रंथ भारतीय विद्यार्थ्याला आता शाळेत शिकलेल्या अक्षरांतच वाचता येणार होता. हार्वर्डच्या प्रतीची वाट न पाहता केलेले हे प्रकाशन, त्या जुन्या वादाला त्यांनी दिलेले सर्वांत शांत उत्तर म्हणता येईल.

२७.
त्याच सुमारास त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे मराठी पुस्तक आले. मूळ पाली सुत्तांच्या आधारे, चमत्कारांची पुटे बाजूला सारून, बुद्ध हा त्याच्या काळातील समाजात आणि राजकारणात उभा असलेला माणूस म्हणून त्यांनी रेखाटला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या कलहाचा गृहत्यागाशी त्यांनी लावलेला संबंध पुढे पुष्कळ चर्चिला गेला. पुस्तकातील काही मतांवर तीव्र आक्षेपही आले. मूळ भाषेत वाचणारा माणूस रूढ कथेपुढे असे अडचणीचे प्रश्न ठेवतो, म्हणून त्याचे वाचन उपयोगाचे असते.

२८.
जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे, आपले कार्य संपले असे मानून, अन्नत्याग करीत धर्मानंदांनी देह ठेवला. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर आले होते. हार्वर्डचा खंड अजून तीन वर्षे दूर होता. तो आला तेव्हा दोन्ही नावे मुखपृष्ठावर होती. आरंभ करणारा आणि शुद्ध करणारा, दोघेही दिवंगत. ज्या प्रश्नावरून १९१२ साली समुद्र ओलांडून परतावे लागले, तो १९५० साली दोन ओळींत सुटला.

२९.
या कथेचा एक पुढचा दुवा ग्रंथालयाच्या फळीवर सापडतो. हार्वर्डच्या त्याच ग्रंथमालेचा बेचाळिसावा खंड १९५७ साली निघाला : विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’. संपादक होते दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वासुदेव विश्वनाथ गोखले. गणिती म्हणून ख्याती मिळवलेला मुलगा हस्तलिखितांची तीच चिकाटीची छाननी करीत वडिलांच्या शेजारच्या खंडात येऊन बसला. एक्केचाळीस आणि बेचाळीस. येथे मुखपृष्ठावरील नावाविषयी संदेह नव्हता.

३०.
१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि महाराष्ट्रात पालीला नवा अर्थ आला. अन्नछत्रात जेवून, परक्या लिप्या गिरवून एका माणसाने जी भाषा परत आणली, ती आता घराघरांतील वंदनेत उच्चारली जाते. विद्यापीठांच्या पाली विभागांत पदव्युत्तर वर्गात बसणारी मुले-मुली देवनागरीतील त्रिपिटक उघडतात. त्यांतील अनेक जण आपल्या घरातील पहिलेच पदवीधर असतात.

३१.
त्यांना प्रवेशासाठी पदवी लागते आणि ती लागावी हे योग्यच आहे. कोणाही विद्यार्थ्यावर अन्नछत्राची वाट शोधण्याची वेळ येऊ नये, म्हणून तर विद्यापीठे असतात. धर्मानंदांच्या आयुष्यातून घ्यायचे ते हालांचे कौतुक नव्हे. घ्यायचा तो त्यांचा क्रम : आधी प्रश्न, मग त्या प्रश्नासाठी भाषा, मग त्या भाषेत जगणाऱ्या माणसांचा सहवास, मग पाठाची कठोर तपासणी आणि शेवटी जे हाती आले ते आपल्या लोकांच्या लिपीत. आणि केलेल्या कामावर आपले नाव असावे, हा आग्रहही.

३२.
एखाद्या ग्रंथालयात हार्वर्ड मालेचा एक्केचाळिसावा खंड दिसला तर तो उघडून पाहावा. मुखपृष्ठावरील दुसऱ्या नावाशी क्षणभर थांबावे. त्या नावामागे साखवाळची नारळीची बाग आहे, काशीची पंगत आहे, कोलंबोचे महास्थविर आहेत. आणि ज्यांचे नाव कोणत्याच मुखपृष्ठावर छापले गेले नाही, त्या बाळाबाईही आहेत.

(धागा समाप्त)